रुसवा कशाचा, समजूत कशाची

१९९३ च्या ऑक्टोबरात कॅनडात सार्वत्रिक निवडणूक झाली आणि ओटावाच्या संसदेत विरोधी पक्षनेत्याच्या जागेवर लुसियाँ बूशार येऊन बसले. त्यांच्या ब्लॉक केबेक्वा पक्षाला ५४ जागा मिळाल्या होत्या, त्या सगळ्या एकट्या फ्रेंचभाषक क्यूबेक प्रांतातून. क्यूबेकला कॅनडातून बाहेर काढायचं, हे पक्षाचं ध्येय जगजाहीर होतं. पाठोपाठ ५२ जागा घेऊन आला होता रिफॉर्म पक्ष, जवळजवळ सगळा पश्चिमेकडचा. ‘पश्चिमेला आत यायचंय’ ही त्याची घोषणा. एक बाहेर पडायला निघालेला, दुसरा आत घेत नाहीत म्हणून संतापलेला. आणि या दोन्ही प्रदेशांची मोट बांधून नऊ वर्षं राज्य केलेला प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्ष फक्त २ जागांवर येऊन पडला होता.

आपल्याकडे हे कायद्यातच बसत नाही. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीपासून भारतात उमेदवाराला देशाच्या सार्वभौमत्वाची आणि अखंडतेची शपथ घ्यावी लागते. कॅनडाने असा अडसर घातला नाही. उलट १९९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कुठल्याही प्रांताला एकतर्फी फुटता येणार नाही, पण प्रश्न स्पष्ट असेल आणि लोकांनी स्पष्ट बहुमताने कौल दिला असेल, तर उरलेल्या देशाला वाटाघाटींना बसावंच लागेल. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. ज्याला जायचंय त्याचं ऐकून घेणं हे या देशाने स्वतःवर बंधन म्हणून लादून घेतलं आहे.

मग इतकं ऐकून घेणाऱ्या देशात रुसवे संपत का नाहीत? मी पश्चिमेकडच्या अल्बर्टा प्रांतात, कॅलगरीत राहते, आणि हा प्रश्न इथे हवेतच असतो. निवडणूक असो नसो, पेट्रोल भरताना, मुलांच्या हॉकीच्या सामन्याला थंडीत कुडकुडत बसलेलं असताना कोणीतरी ‘ओटावा’ म्हणतं, आणि त्या स्वरावरून पुढचं सगळं कळतं.

आमच्या शेजारचे आजोबा तेलाच्या विहिरी खोदण्याचं काम करून निवृत्त झाले. उन्हाळ्यात गॅरेजचं दार वर करून, आत खुर्ची टाकून ते बसतात. एकदा त्यांनी एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढून मला दाखवला. आत त्यांच्या पहिल्या घराच्या कर्जाचे कागद. इथे घरकर्जाचा दर काही वर्षांपुरताच ठरलेला असतो, मुदत संपली की चालू दराने नवा करार करायचा. त्यांचा करार १९८२ मध्ये नव्याने झाला, आणि कागदावरच्या त्या आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं. १९ टक्के आणि वर काही. त्याच सुमाराला रिग थांबली होती. थोड्याच महिन्यांत घराची किल्ली बँकेच्या काउंटरवर ठेवून ते आणि त्यांची बायको, तान्ह्या मुलीला घेऊन, सासरच्या शेतावर राहायला गेले. 

त्या काळाबद्दल अल्बर्टात कोणालाही विचारा, तीन अक्षरं ऐकायला मिळतील: एनईपी. २८ ऑक्टोबर १९८० च्या अर्थसंकल्पात पिएर ट्रूडो सरकारने आणलेला राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम. जगात तेलाचे भाव भडकलेले होते. देशातला भाव जागतिक भावाच्या खाली ठेवायचा, तेलावर नवे कर बसवायचे आणि केंद्राचा वाटा वाढवायचा, असा तो बेत होता. ओंटारियो-क्यूबेकच्या कारखान्यांना आणि थंडीत घर तापवणाऱ्या लाखो कुटुंबांना स्वस्त तेल मिळणार होतं; फरकाची झळ बसणार होती ज्यांच्या जमिनीखालून तेल निघत होतं त्यांना. दोन दिवसांनी अल्बर्टाचे मुख्यमंत्री पीटर लॉगहीड टीव्हीवर आले आणि टप्प्याटप्प्याने तेलाचं उत्पादन घटवणार असल्याचं त्यांनी जाहीर केलं. ‘गोठू देत त्या पूर्वेकडच्यांना अंधारात’ अशा अर्थाचे, शिवीसकट स्टिकर गाड्यांच्या बंपरवर झळकले.

व्याजाचे दर जगभर चढले होते, पुढे तेलाचा भाव जगभर कोसळला, त्यामुळे सगळं खापर एनईपीवर फोडता येत नाही. मी तसं आजोबांना म्हटलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “व्याज ओटावाने वाढवलं नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण तो कार्यक्रम ठरला तेव्हा त्या खोलीत आमचा एकही माणूस नव्हता.”

निवडून आलेल्या माणसांपुरतं हे खरं आहे. १९८० च्या फेब्रुवारीत ट्रूडोंच्या लिबरल पक्षाला १४७ जागांचं स्पष्ट बहुमत मिळालं. त्यातल्या ओंटारियोच्या पश्चिमेला किती? २. दोन्ही मॅनिटोबात. सस्कॅचेवान, अल्बर्टा, ब्रिटिश कोलंबिया या तीन प्रांतांतून शून्य. पश्चिमेला मंत्रिमंडळात तोंड असावं म्हणून सेनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, नेमणुकीने आलेल्या सदस्यांना मंत्री करावं लागलं.

मी अमरावतीची. ‘आम्हाला कोणी विचारलंच नाही’ हे वाक्य ऐकतच मोठी झाले. सिंचनाच्या अनुशेषाचे आकडे घरात सगळ्यांना पाठ असायचे, पण आवाज चढायचा तो आकड्यांवर नाही. नागपूर १९५६ पर्यंत राजधानी होती आणि १९५३ च्या करारातली आश्वासनं नंतर कागदावरच राहिली, या आठवणीवर चढायचा. त्यामुळे असेल, पण शेजारच्या आजोबांच्या बोलण्यातला पैसा आणि त्याखालचा मान, यातलं मोठं काय ते मला चटकन ऐकू येतं.

पश्चिमेचा हा मानाचा प्रश्न फार जुना आहे. १८६७ मध्ये कॅनडाचं संघराज्य जन्मलं तेव्हा सामील झालेल्या प्रांतांकडे आपापल्या जमिनी आणि खनिजं राहिली. अल्बर्टा आणि सस्कॅचेवान हे प्रांत १९०५ मध्ये तयार केले, पण त्यांच्या जमिनी आणि जमिनीखालचं सगळं ओटावाने स्वतःकडे ठेवलं. ते हातात पडायला १९३० उजाडावं लागलं. म्हणजे ज्या पिढीने एनईपी सोसली, तिच्या आईबापांना प्रांताची जमीन प्रांताची नसल्याचा काळ चांगला आठवत होता. त्याआधी १८७९ पासून आयातीवरचे जबर कर: प्रेअरीतल्या, म्हणजे पश्चिमेच्या गवताळ मैदानांतल्या, शेतकऱ्याने नांगर ओंटारियोचा महाग घ्यायचा आणि गहू मात्र जगाच्या बाजारात मिळेल त्या भावाला विकायचा. १९१५ मध्ये ‘ग्रेन ग्रोअर्स गाइड’ या शेतकऱ्यांच्या नियतकालिकात एक व्यंगचित्र छापून आलं. कॅनडाच्या नकाशावर एक अवाढव्य गाय उभी आहे. तोंड पश्चिमेत, तिला चारा घालताहेत प्रेअरीतले शेतकरी, आणि कास पूर्वेत, तिथे बसून धारा काढताहेत तिकडचे शेठ. शंभरहून जास्त वर्षं झाली, ते चित्र इथे अजून भाषणांत दाखवतात.

यावर ओटावाचं उत्तर पुष्कळदा पैशाचं असतं. २०१८ मध्ये केंद्राने ट्रान्स माउंटन पाइपलाइन ४५० कोटी डॉलरना विकत घेतली. ब्रिटिश कोलंबियाचा विरोध, कोर्टकचेऱ्या, महापूर, कोविड असं सगळं पार करून मे २०२४ मध्ये विस्तारित पाइपलाइन सुरू झाली तेव्हा खर्च ३,४०० कोटींच्या घरात गेला होता. अल्बर्टाचं तेल आता प्रशांत महासागराला पोचतं, भावही बरा मिळतो. खरं सांगायचं तर एनईपीवाल्या ट्रूडोंच्याच मुलाने, तेव्हाचा पंतप्रधान जस्टिन याने, अल्बर्टासाठी हे केलं. त्याचं श्रेय त्याला इथे कोणी दिलं नाही. लोक कृतघ्न आहेत असं मला वाटत नाही. पाइपलाइन मिळाली, पण बाकीच्या पाइपलाइन कोणी, कुठल्या खोलीत बसून अडवल्या, हा हिशोब त्यांच्या मनात तसाच राहिला.

समतोल निधीचं प्रकरणही तसंच. १९५७ पासून चालत आलेली ही योजना १९८२ च्या राज्यघटनेत गेली. ज्या प्रांताची कर उभारण्याची कुवत सरासरीपेक्षा कमी, त्याला केंद्र पैसे देतं. रकमेने पाहिलं तर सगळ्यांत मोठा वाटा क्यूबेकचा, २०२४-२५ मध्ये १,३०० कोटींहून जास्त. कॅलगरीत बहुतेकांची समजूत अशी की अल्बर्टाच्या राजधानीतून, एडमंटनहून, क्यूबेकला चेक जातो. तसा चेक जात नाही. माझ्या पगारातून जो केंद्राचा आयकर कापला जातो त्याचे टप्पे देशभर सारखेच आहेत. अल्बर्टात पगार जास्त म्हणून कर जास्त गोळा होतो, इतकंच. डोईमागे बघितलं तर प्रिन्स एडवर्ड आयलंडला क्यूबेकच्या दुपटीहून जास्त मिळतं, आणि त्या चिमुकल्या बेटाबद्दल इथे कोणी चकार शब्द काढत नाही. तरीही २०२१ मध्ये अल्बर्टाने या तरतुदीवर सार्वमत घेतलं आणि सुमारे ६२ टक्के लोकांनी ती राज्यघटनेतून काढा म्हणून सांगितलं. त्याने कायद्यात काडीचाही फरक पडणार नव्हता, मत देणाऱ्यांनाही हे माहीत होतं. मला ते सार्वमत हिशोबाचं कधी वाटलंच नाही.

क्यूबेकची गोष्ट उलट्या बाजूने तीच आहे. उरलेल्या कॅनडात नेहमी ऐकू येतं: इतके पैसे घेतात आणि वर जायचं म्हणतात! पण क्यूबेकची तक्रार पैशाची नव्हतीच. १९६२ मध्ये सरकारी मालकीच्या कॅनेडियन नॅशनल रेल्वेच्या अध्यक्षांना संसदेच्या समितीत विचारण्यात आलं की तुमच्या १७ उपाध्यक्षांत एकही फ्रेंच कॅनेडियन का नाही. मुख्यालय मॉन्ट्रियलमध्ये, शहर बहुसंख्येने फ्रेंच. अध्यक्ष म्हणाले, बढती गुणवत्तेवर दिली जाते. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, अध्यक्षांचा पुतळा जाळला. त्याच वर्षी प्रांताच्या निवडणुकीत घोषणा होती ‘आपल्याच घरात आपण मालक’. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांचं सगळं राजकारण त्या चार शब्दांत आहे.

आणि मग ४ नोव्हेंबर १९८१ ची रात्र. ब्रिटिश संसदेच्या हातातली राज्यघटना लंडनहून कायमची घरी आणायची म्हणून पंतप्रधान आणि दहाही मुख्यमंत्री ओटावात जमलेले. बोलणी फिसकटत आलेली. क्यूबेकचे मुख्यमंत्री रने लेव्हेक रात्री नदीपलीकडच्या हल शहरात, म्हणजे क्यूबेकच्या हद्दीतल्या हॉटेलवर, झोपायला गेले. इकडे परिषदेच्या इमारतीतल्या एका छोट्या स्वयंपाकघरात केंद्राचे, सस्कॅचेवानचे आणि ओंटारियोचे मंत्री कागदावर तडजोड खरडत होते. रातोरात उरलेल्या प्रांतांचे होकार गोळा झाले. सकाळी लेव्हेक न्याहारीला आले तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. १७ एप्रिल १९८२ ला राणीने सही केली. क्यूबेकने त्या घटनेला आजतागायत मान्यता दिलेली नाही. ती तिथे लागू आहे, एवढंच.

ही रात्र वाचताना मला दर वेळी शेजारच्या आजोबांचं वाक्य आठवतं. ‘त्या खोलीत आमचा माणूस नव्हता.’ आणि त्या रात्री होकार देणाऱ्यांत अल्बर्टाचे लॉगहीडही होते. ज्याच्यावर एका वर्षापूर्वी बेतलं होतं, त्याने दुसऱ्यावर बेतू दिलं. हे मला खटकतं, आणि इथे कॅलगरीत ते बोलून दाखवायला मी कचरत नाही.

क्यूबेकने कॅनडातून बाहेर पडावं का, यावरच्या ३० ऑक्टोबर १९९५ च्या दुसऱ्या सार्वमतात ‘नाही’ला ५०.५८ टक्के आणि ‘हो’ला ४९.४२ टक्के मतं पडली. फरक ५४,२८८ मतांचा. ९३ टक्क्यांहून जास्त लोकांनी मतदान केलं होतं. मॉन्ट्रियलमधली माझी एक मराठी मैत्रीण तेव्हा दोन मुलांची आई होती. १९७७ च्या १०१ क्रमांकाच्या कायद्याने स्थलांतरितांच्या मुलांना फ्रेंच शाळा सक्तीची केली, म्हणून मुलं फ्रेंच शाळेत. बहीण-भाऊ आपसात भांडायचे तेही फ्रेंचमध्ये. निकालानंतर मुख्यमंत्री झाक पारिझो मंचावर आले आणि म्हणाले, आपण हरलो ते पैशामुळे आणि वांशिक मतांमुळे. तिची मुलं टीव्हीसमोर बसली होती. थोरल्याने विचारलं, आई, वांशिक म्हणजे आपण का? दुसऱ्या दिवशी पारिझोंनी राजीनाम्याची घोषणा केली. मैत्रीण मॉन्ट्रियल सोडून गेली नाही. क्यूबेकच्या भाषेच्या काळजीबद्दल ती आजही आस्थेने बोलते, कारण घरात मराठी टिकवणं किती जड जातं ते तिला ठाऊक आहे. पण ते वाक्य ती विसरलेली नाही, आणि विसरावं असं मीही तिला सांगणार नाही. ज्यांना मोजलं जात नाही अशी ज्यांची तक्रार, त्यांनी तरी मोजताना माणसं वगळू नयेत.

पूर्वेच्या किनाऱ्यावरच्या प्रांतांबद्दल बोलायला कोणाला फारसा वेळ नसतो. नोव्हा स्कोशियाने तर संघराज्य जन्मलं त्याच वर्षी १९ पैकी १८ खासदार संघराज्याच्या विरोधातले निवडून दिले होते. न्यूफाउंडलंड १९४९ मध्ये आलं, तेही ५२ विरुद्ध ४८ अशा काठावरच्या कौलाने. त्यांच्या लॅब्राडोरमधल्या चर्चिल फॉल्सची वीज १९६९ च्या करारानुसार क्यूबेकची सरकारी वीज कंपनी २०४१ पर्यंत कवडीमोलाने घेणार होती; ०.२ सेंटला युनिट. तो करार बदलण्याची प्राथमिक बोलणी डिसेंबर २०२४ मध्ये कुठे कागदावर आली. २ जुलै १९९२ ला ओटावाने कॉड मासेमारी बंद केली आणि सुमारे ३०,००० माणसं एका दिवसात बेकार झाली. त्यातली कितीतरी पुढे अल्बर्टात फोर्ट मॅकमरीच्या तेलवाळूत कामाला आली. दोन आठवडे कामावर, मग विमानाने घरी, असं देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणं-येणं. त्या मजुरांच्या जेवणघरात मी ऑफिसच्या कामानिमित्त जाऊन आलेय. एकाच टेबलावर माशांसाठी ओटावाला बोल लावणारा आणि तेलासाठी बोल लावणारा शेजारी शेजारी बसून, एकमेकांचं मान्य करत, जेवत होते. देश एक आहे असं मला कॅनडा दिनाच्या आतषबाजीत कधी इतकं वाटलं नाही.

या सगळ्यांच्या आधीची तक्रार ज्यांची, त्यांना मात्र यादीत शेवटी घातलं जातं. अल्बर्टा प्रांत १९०५ चा. त्याची जवळजवळ सगळी जमीन ज्या करारांखाली येते ते सहा, सात आणि आठ क्रमांकाचे करार १८७६, १८७७ आणि १८९९ चे. मूळ निवासी राष्ट्रांनी थेट ब्रिटिश राजसत्तेशी केलेले. करारात माणशी वर्षाला ५ डॉलर ठरले होते. ते आजही ५ डॉलरच मिळतात, करार दिनाला, हातावर नोट ठेवून. आणि २०२५ मध्ये अल्बर्टात सार्वमताच्या अर्जाला लागणाऱ्या सह्यांची अट सैल झाली, फुटून निघण्याच्या गोष्टी गावोगावच्या सभागृहांत होऊ लागल्या, तेव्हा पहिले उठून उभे राहिले ते याच राष्ट्रांचे प्रमुख. आमचे करार अल्बर्टाशी नाहीत, तुम्ही जाताना आमची जमीन घेऊन जाऊ शकत नाही, असं त्यांनी ठणकावलं. सरकारला त्या वेळी विधेयकात करारहक्कांना धक्का लागणार नाही असं कलम घालावं लागलं. ज्यांना कॅनडाने सगळ्यांत कमी दिलं, त्यांनी कॅनडा धरून ठेवावा, याची लाज आम्हा बाकीच्यांना वाटली पाहिजे.

त्याच वर्षी शेजारच्या अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅनडाला आपलं एक्कावन्नावं राज्य म्हणू लागले, आणि क्यूबेकमध्येसुद्धा खिडक्यांत कॅनडाचे झेंडे दिसले. एप्रिलमध्ये मार्क कार्नी पंतप्रधान म्हणून निवडून आले. ते एडमंटनमध्ये वाढलेले, तरी अल्बर्टाच्या ३७ जागांपैकी त्यांच्या पक्षाला मिळाल्या २. ‘आम्ही कायम कॅनडाचेच’ अशा अर्थाच्या अर्जावर अल्बर्टात ४ लाखांहून जास्त सह्या झाल्या. माझीही त्यात आहे. बाहेरच्या धाकाने आलेली ही एकी खरी आहे, पण धाक ओसरला की जुना प्रश्न जिथल्या तिथे असेल.

कारण त्या प्रश्नाचं उत्तर राज्यघटनेत आहे, आणि तिला हात लावायला कोणी धजत नाही. सेनेटचंच बघा. अल्बर्टाची लोकसंख्या ५० लाखांच्या आसपास, सेनेटर ६. नोव्हा स्कोशियाची १० लाखांच्या थोडी वर, सेनेटर १०. पश्चिमेचा हा वाटा ठरला १९१५ मध्ये, ते गायीचं चित्र छापलं त्याच वर्षी. तो बदलायचा तर किमान सात प्रांत आणि निम्मी लोकसंख्या पाठीशी हवी. १९९२ च्या शार्लटटाउन करारात सगळं एकत्र आलं होतं: पश्चिमेला समान जागांचं सेनेट, क्यूबेकला वेगळेपणाची मान्यता, मूळ निवासींना स्वशासन. २६ ऑक्टोबरला देशाने मत दिलं. अल्बर्टाने ‘नाही’ म्हटलं, क्यूबेकने ‘नाही’ म्हटलं, मूळ निवासींच्या बहुतेक वस्त्यांनीही ‘नाही’च म्हटलं. प्रत्येकाने दुसऱ्याच्या पानात काय वाढलंय ते बघून मत दिलं. तेव्हापासून सगळ्या पक्षांचे पुढारी एकच सांगतात, ती पेटी आता उघडू नका.

मला वाटतं, ती उघडायला हवी. पाइपलाइन विकत घेऊन आणि निधी वाढवून जे भागत नाही ते चाळीस वर्षं सगळ्यांनी पाहिलं आहे. या वेळी मूळ निवासी राष्ट्रांना पहिल्या दिवसापासून टेबलावर बसवा, क्यूबेकला झोपायला पाठवू नका, आणि पश्चिमेच्या माणसांना निकाल टीव्हीवरून कळवू नका. मतदान फसलं तर फसेल. १९९२ मध्ये जन्मलेली मुलं आज तिशी ओलांडून गेली, त्यांची मुलं शाळेत जाऊ लागली. आपला देश कोणत्या अटींवर एकत्र राहणार, हे त्यांना अजून एकदाही कोणी विचारलेलं नाही.